काळ्या दगडावरचा उजेड

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात, चिखला, सीतासावंगी आणि डोंगरी बुजुर्ग या गावांच्या परिसरात मॅंगनीजच्या खाणी आहेत. शंभरावर वर्षे हा काळा दगड इथून निघतो आहे. त्याचा इतिहास सहसा टनांत आणि टक्क्यांत लिहिला जातो: माल किती निघाला, त्यात धातू किती होता, तो कोणाच्या मालकीचा होता. त्याच खाणींचा आणखी एक हिशेब मांडण्याजोगा आहे, तो उजेडाचा. खणणाऱ्याला आणि माल निवडणाऱ्याला दिसायला किती उजेड मिळत होता, तो कोणत्या मापाने मोजला गेला, आणि एका मापातून दुसऱ्या मापात जाताना काय सुटून गेले? माझे म्हणणे असे आहे की उजेडाच्या मापांची अदलाबदल तक्त्यात दिसते तितकी कोरडी नाही. पडणाऱ्या उजेडाच्या मापातून दिसणाऱ्या उजेडाच्या मापात जायचे असेल, तर मध्ये दगडाचा रंग येतो. आपल्याकडच्या नियम करणाऱ्यांनी तो वगळला, आणि त्यामुळे काळ्या दगडावर काम करणाऱ्यांच्या पदरात त्याच आकड्याने कमी उजेड पडला.

या खाणींची पहिली काही दशके हा प्रश्न उद्भवलाच नाही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी १८९६ साली स्थापन झाली आणि पुढे तिचेच नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओर कंपनी झाले. लुईस ली फर्मर या भूवैज्ञानिकाने भारतातल्या मॅंगनीज साठ्यांवरचा आपला प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मॅंगनीज गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या इथल्या खडकाला त्याने गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले, आणि आज जगभरच्या भूशास्त्रात ते रूढ आहे. त्या काळातले काम मुख्यतः उघड्यावरचे होते. डोंगर वरून फोडायचा, दगड हाताने निवडायचा, टोपल्यांनी वाहायचा. निवडण्याचे आणि वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बायांनी केले. वैशाखातल्या भर दुपारी जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. त्यातला शेकडा पाच भागच काळ्या दगडाने परत पाठवला, तरी डोळ्यापर्यंत येणारी दीप्ती दर चौरस मीटरला दीड हजार कॅंडेलांच्या वर जाते. तिथे अडचण होती ती उन्हाची, अंधाराची नव्हे. उजेडाचा हिशेब सुरू झाला तो खाण जमिनीखाली गेल्यावर आणि कामाची पाळी सूर्यास्तानंतर चालू लागल्यावर. डोंगरी बुजुर्गची खाण आजही उघडी आहे. चिखल्याला मात्र भूमिगत काम चालते.

ज्या मापाने जग तेव्हा उजेड मोजत होते, ते माप एका ज्योतीचे होते. लंडनच्या गॅस कंपन्यांनी ग्राहकांना किती उजेड द्यायचा हे ठरवण्यासाठी १८६० च्या मेट्रोपॉलिटन गॅस कायद्याने प्रमाण मेणबत्ती नक्की केली. ती व्हेलच्या डोक्यातल्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन जळणारी असायला हवी होती. फ्रान्समध्ये रेपसीडच्या जातीच्या तेलावर जळणारा कार्सेल दिवा प्रमाण मानला जाई. जर्मनीत हेफ्नर-आल्टेनेक याने १८८४ मध्ये ॲमिल ॲसिटेटवर चालणारा आणि ४० मिलिमीटर उंच ज्योतीचा दिवा सुचवला. तिन्ही ज्योती वेगवेगळ्या जोराच्या होत्या. कार्सेल जवळपास दहा मेणबत्त्यांचा, तर हेफ्नर एका मेणबत्तीहून थोडा कमी. एका देशाचा दिवा दुसऱ्या देशात विकायचा तर आकडे बदलणे आले, आणि १९०९ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका यांच्या प्रयोगशाळांनी एका समाईक आंतरराष्ट्रीय मेणबत्तीवर एकमत केले. जर्मनी तेव्हा बाहेर राहिला. १९४८ मध्ये प्लॅटिनम गोठते त्या तापमानाला पूर्ण काळी पोकळी जे तेज देते त्यावर आधारलेल्या एककाला कॅंडेला हे नाव मिळाले, आणि १९७९ मध्ये ज्योत व धातू दोन्ही बाजूला ठेवून ठरावीक वारंवारतेच्या प्रकाशाच्या शक्तीवरून त्याची व्याख्या झाली. या साऱ्या वाटचालीत बदल झाला तो फक्त आधाराचा. दिवा किती जोरात प्रकाश देतो हा प्रश्न तोच राहिला, त्यामुळे एका आकड्याने गुणले की काम भागत होते.

त्यापुढचे दोन प्रश्न मात्र वेगळे आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. दिव्यापासून निघालेला उजेड एखाद्या पृष्ठभागावर किती पडतो, हा एक. एक फुटावरच्या एका मेणबत्तीने पडतो तेवढ्याला फूट-कॅंडल म्हणत. एक मीटर अंतर धरले की लक्स. फूट-कॅंडलचा लक्स करायचा तर १०.७६ ने गुणायचे. हे केवळ चौरस फुटाचे चौरस मीटर करणे आहे, त्यात वादाला जागा नाही. दुसरा प्रश्न असा की तो पृष्ठभाग, किंवा खुद्द ज्योत, डोळ्याला किती तेजस्वी दिसते. ही दीप्ती. देवापुढच्या समईत एकाऐवजी पाच वाती लावल्या तर खोलीत पडणारा उजेड पाचपट होतो, पण प्रत्येक ज्योत पूर्वीइतकीच डोळ्यात भरते. एकेका ज्योतीची दीप्ती वाढत नाही. दर चौरस मीटरला एक कॅंडेला म्हणजे एक निट. दर चौरस सेंटिमीटरला एक कॅंडेला म्हणजे एक स्टिल्ब, अर्थात दहा हजार निट. साध्या मेणबत्तीच्या ज्योतीची दीप्ती साधारण या स्टिल्बच्याच आसपास असते.

या दोघांखेरीज दीप्तीच्या मापांचे आणखी एक घराणे होते: लॅंबर्ट, फूट-लॅंबर्ट, अपोस्टिल्ब. १७६० मध्ये प्रकाशमापनाचा पाया घालणारा ग्रंथ लिहिणाऱ्या योहान हाइनरिश लॅंबर्टच्या नावावरून यातली पहिली दोन नावे आली. फूट-लॅंबर्ट म्हणजे ३.४२६ निट आणि अपोस्टिल्ब म्हणजे ०.३१८ निट. हे अवघड आकडे येतात कारण या एककांत ३.१४१६ हा पायचा भागाकार आधीच पोटात घातलेला आहे. तो घालण्यामागचा हेतू सोयीचा होता. पूर्ण पांढऱ्या आणि सर्व दिशांना सारखा उजेड विखुरणाऱ्या पृष्ठभागावर एक फूट-कॅंडल पडला, की त्याची दीप्ती बरोबर एक फूट-लॅंबर्ट येते. एक लक्स पडला की एक अपोस्टिल्ब. पडलेला आणि दिसणारा, दोन्ही आकडे एकच. पण ही बरोबरी खरी ठरते ती पडलेल्या उजेडातला कणही गिळून न टाकणाऱ्या भिंतीवर. पांढरा कागद, चुन्याची भिंत, बर्फ यांच्याजवळ ती बऱ्यापैकी टिकते. चिखल्याच्या दगडाजवळ ती कोसळते.

दगड शेकडा पाच भाग उजेड परत पाठवतो असे धरू. त्याच्यावर ५० लक्स पडले, तर त्याला ०.०५ ने गुणून पायने भागल्यावर दीप्ती येते ०.८ निट. शेकडा ऐंशी भाग परत पाठवणाऱ्या पांढऱ्या कागदावर तेच ५० लक्स पडले तर दीप्ती जवळपास १३ निट. लक्समापी दोन्ही ठिकाणी एकच आकडा दाखवील, आणि डोळ्याला सोळा पटींचा फरक जाणवेल. माणसाचा डोळा साधारण ५ निटच्या वर असला की पूर्ण दिवसाच्या पद्धतीने पाहतो. त्याखाली रात्रीच्या दृष्टीची पेशीरचना हळूहळू हाताशी येते, रंग फिके होतात, बारीक फरक ओळखण्याची ताकद कमी होते. म्हणजे तोच ५० लक्स कागदावर दिवसाची नजर देतो आणि काळ्या दगडावर अर्धवट रात्रीची. आपल्या कॅंडेलाची सारी मापे मुळात दिवसाच्या नजरेला धरून, १९२४ मध्ये मान्य झालेल्या डोळ्याच्या आलेखावर बेतलेली आहेत. तेव्हा या अंधुक पट्ट्यात निटचा आकडासुद्धा दिसण्याचे पूर्ण वर्णन करत नाही.

हा नुसता कागदावरचा युक्तिवाद नाही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत मजुरांना निस्टॅग्मस नावाचा विकार होई: डोळ्यांची बुबुळे आपोआप थरथरत राहत आणि माणूस कामातून उठे. त्यासाठी नेमलेल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने १९२२ पासूनच्या आपल्या अहवालांत अपुऱ्या उजेडाला मुख्य कारण ठरवले. सुरक्षा दिव्याचा उजेड एका मेणबत्तीलाही पुरत नसे, आणि आजूबाजूचा कोळसा त्यातले बहुतेक गिळून टाकी. अमेरिकेने १९६९ च्या कोळसा खाण कायद्यानंतर १९७० च्या दशकात केलेल्या नियमांत वेगळा मार्ग धरला. तिथे भूमिगत कोळसा खाणीतल्या यंत्राभोवतीच्या भिंतींची दीप्तीच किमान ०.०६ फूट-लॅंबर्ट असली पाहिजे असे ठरले. आकडा इवलासा आहे, सुमारे ०.२ निट. पण त्याचा अर्थ पाहा. पूर्ण पांढऱ्या भिंतीवर ही दीप्ती आणायला ०.०६ फूट-कॅंडल, म्हणजे पाऊण लक्सहून कमी पुरतो. शेकडा चार भाग परत पाठवणाऱ्या कोळशाच्या भिंतीवर ती आणायला दीड फूट-कॅंडल, म्हणजे १६ लक्स लागतात. पंचवीस पट दिवे लावण्याची जबाबदारी खाणमालकावर आली, कारण कायद्याने डोळ्यापाशी काय पोचते ते विचारले.

आपल्याकडे १९५२ च्या खाण कायद्याखाली धातू खाणींसाठीचे नियमन १९६१ मध्ये आले. त्यात पुरेशा उजेडाची तरतूद करावी, डोळे दिपू नयेत अशी दिव्यांची मांडणी असावी, आणि मुख्य निरीक्षकाला ठरावीक जागांसाठी उजेडाचे मानक घालून देता यावे, असे होते. याच काळात देशात मापांचे मोठे स्थित्यंतर चालू होते. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि १९६२ पर्यंत बाजारात रुजली. त्याच १९६२ साली ब्रिटिश कंपनीची मालमत्ता भारत सरकारने घेऊन मॅंगनीज ओर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची मॉयल, स्थापन झाली. ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांचे, उरलेले ४९ टक्के जुन्या कंपनीकडे, आणि तेही १९७७ मध्ये सरकारकडे आले. मालकी, नियम आणि मापे, तिन्ही थोड्याच वर्षांत बदलली. पुढे खाण सुरक्षा महासंचालनालयाने जी मानके दिली ती लक्समध्ये: अवजड यंत्राच्या कामाच्या जागी आडव्या पृष्ठभागावर ५ आणि उभ्यावर १० लक्स, पट्ट्यावर हाताने माल निवडण्याच्या जागी ५० लक्स. फूट-कॅंडल जाऊन लक्स आला. पडणाऱ्या उजेडाचे माप जाऊन पडणाऱ्या उजेडाचेच माप आले. दगडाचा रंग त्याही वेळी कोणी विचारला नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही चूक समजावून सांगावी लागू नये. त्याच वर्षांत त्याचे धान खंडी, कुडो आणि पायलीतून किलो आणि क्विंटलमध्ये गेले. पायली हे भांडे, आकारमानाचे माप. किलो हे वजनाचे. एका पायलीत किती किलो, हे धान कोणते यावर ठरते: जाड की बारीक, कोरडे की ओलसर, भरदार की पोचट. एकच ठरावीक आकडा धरून जो व्यापारी सगळ्यांचे धान बदलून घेई, तो कोणाच्या तरी पदराला खार लावत असे. किलो आणि पौंड यांच्यात बदल करताना धान पाहावे लागत नाही. पायली आणि किलो यांच्यात करताना पाहावेच लागते. लक्स आणि फूट-कॅंडल हे पहिल्या प्रकारचे नाते आहे, लक्स आणि निट हे दुसऱ्या.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की बुबुळे थरथरण्याचा तो विकार कोळसा खाणींतच पसरला. धातू खाणींत तो क्वचित आढळला. हे खरे आहे. पण त्याचे कारण दगडात नव्हते, दिव्यात होते. मॅंगनीजसारख्या धातू खाणीत ज्वालाग्राही वायूचा धोका नसल्याने उघड्या ज्योतीचे दिवे चालत, आणि ते बंदिस्त सुरक्षा दिव्यापेक्षा कितीतरी अधिक उजेड देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरच्या धातू खाणींत टोपीवर लावायचे कार्बाइडचे दिवे आले तेव्हा हा फरक आणखी वाढला. म्हणजे काळ्या दगडाने जे घेतले ते दिव्याने परत दिले. हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. दोन्ही बाजू मोजल्याशिवाय निकाल लागत नाही, इतकेच तो सांगतो. दुसरा आक्षेप आजच्या टोपी-दिव्याचा. दिवा मजुराच्या कपाळावर आहे, जिकडे मान वळते तिकडे झोत पडतो, मग भिंतीची दीप्ती कशाला मोजायची? पण झोत पडतो तेवढाच गोल दिसतो. बाजूने येणारे वाहन, पायाखालचा खड्डा, छपरातली सैल शिळा या गोष्टी नजरेच्या कडेला दिसाव्या लागतात, आणि कडेला काळा दगडच असतो. शिवाय डोळ्याशेजारूनच निघालेल्या झोतात सावल्या जवळपास दिसेनाशा होतात, आणि छपरातली फट ओळखू येते ती सावलीने.

सर्वांत गंभीर आक्षेप निवडणीबद्दलचा आहे. माल निवडणाऱ्याला एकूण दीप्तीशी कर्तव्य नाही, त्याला हवा फरक. पांढरा क्वार्ट्झ काळ्या मॅंगनीजात दहापट उजळ दिसतो, मग उजेड कमी असो की जास्त, गुणोत्तर तेच. क्वार्ट्झपुरते हे बरोबर आहे. पण चिखल्याच्या मालात क्वार्ट्झ एकटा येत नाही. गोंडाइट येतो, तपकिरी छटेचा. काळपट करडा ब्राउनाइट येतो, हवापाण्याने काळवंडलेले तुकडे येतात. यांच्यातला फरक दहापटींचा नसून छटेचा असतो, आणि छटेतला फरक ओळखण्याची डोळ्याची ताकद नेमकी एक निटच्या आसपास घसरते. गुणोत्तर कायम राहते, ते पाहू शकणारी नजर कायम राहत नाही. आणि धातूचे टक्के चुकले तर तोटा मजुराच्या मजुरीपासून मालाच्या प्रतीपर्यंत सगळीकडे जातो.

पायने भागायच्या या नियमाची आणखी एक मर्यादा भंडारा शहरात दिसते. भंडाऱ्याची पितळी भांड्यांची परंपरा जुनी आहे. घासून लखलखीत केलेले पितळ पडलेल्या उजेडातला मोठा भाग परत पाठवते, पण आरशासारखा, एकाच दिशेला. त्या दिशेतून पाहिले तर परातीत ज्योतीच्या दीप्तीचा मोठा वाटा दिसतो. मान जरा हलवली की तीच परात काळपट होते. लक्स, रंग आणि पाय यांचे सूत्र इथे उपयोगी पडत नाही, कारण ते विखुरणाऱ्या पृष्ठभागाचे सूत्र आहे. ओल्या मॅंगनीजलाही अशीच चकाकी येते. ओला दगड एकंदरीत अधिक काळा होतो आणि कुठे कुठे चमकतो, म्हणून पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या खाणीत कोरड्या दगडावर घेतलेला आकडाही पुरत नाही.

उरतो खर्चाचा मुद्दा. दीप्ती मोजणारे उपकरण महाग, लक्समापी स्वस्त आणि कोणालाही वापरता येणारा, म्हणून नियम लक्समध्येच राहावा असे प्रशासन म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण त्याच लक्समापीने काम निम्मे तरी होते. आधी उपकरण दगडावर टेकवून, दिव्याकडे तोंड करून पडणारा उजेड मोजायचा. मग तेच उपकरण थोडे दूर धरून, आपली सावली पडू न देता, दगडाकडे तोंड करून परतणारा उजेड मोजायचा. दुसऱ्याला पहिल्याने भागले की दगडाचा परतावा मिळतो. ओबडधोबड का होईना, मिळतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, पाहणीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा लागतो. त्या रकान्यावरून डोंगरी बुजुर्गच्या रात्रपाळीत काळ्या पायऱ्यांसाठी किती लक्स आणि फिकट खडकाच्या कडेसाठी किती, हे वेगवेगळे ठरवता येईल. भूमिगत कामात जिथे माणसे थांबतात, वळतात, चढतात, तिथे दिवे वाढवणे स्वस्त की भिंतीला चुना फासणे स्वस्त, याचाही हिशेब मांडता येईल. शेकडा पाचची भिंत शेकडा साठची झाली, तर त्याच दिव्यात तिची दीप्ती बारापट होते, आणि ती चुन्याने वाढली की जादा दिव्यांनी, याने डोळ्याला काही फरक पडत नाही.

डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज डायऑक्साइडचे आणखी एक काम इथे सांगायला हवे. कोरड्या बॅटरीत हाच काळा पदार्थ रासायनिक क्रियेत भाग घेऊन वीज वाहती ठेवतो. १८६६ च्या सुमारास लेक्लांशेने बनवलेल्या घटापासून ही रीत चालत आली आहे. गावोगावी रात्री शेतावर पाणी द्यायला निघणाऱ्याच्या हातातल्या बॅटरीच्या उजेडामागे दीर्घकाळ असाच काळा दगड होता. त्या दगडाच्या खाणीतल्या उजेडाची मोजणी अजूनही तो दगड पांढरा असल्यासारखी होते.